एका काडतुसात दोन गोळ्या: होतं, पण करू नका

प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेत, ओहायोत राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी वापरलेली .38 स्पेशल रिव्हॉल्व्हर घेतली. जुन्या मालकाने सोबत घरी भरलेल्या काडतुसांची एक डबी दिली. डबीवर पेनाने फक्त '2 बॉल' लिहिलेलं आहे, बाकी काही नाही. एका बारात दोन गोळ्या सुटतात, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: हे खरंच होतं का, ती काडतुसं उडवावीत का, आणि तशी स्वतः भरायला कशी शिकायची.

पहिल्याचं उत्तर: हो, होतं. दुसऱ्याचं: अजिबात नाही. तिसऱ्याचं उत्तर लांब आहे, आणि बराच काळ काडतुसं भरणारा माणूस म्हणून माझा कल सांगतो. हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे, भरण्यासारखा नाही. म्हणून दारूचं माप, गोळी किती खोल बसवायची, यातलं काहीही इथे मिळणार नाही. ते आकडे दाब मोजण्याची यंत्रणा असलेल्या प्रयोगशाळेतूनच यावे लागतात.

आधी हे .38 स्पेशलमध्येच का सुचतं ते पाहू. हे काडतूस स्मिथ अँड वेसनने 1898 मध्ये आणलं, तेव्हा ते काळ्या दारूवर बेतलेलं होतं. त्यात साधारण 21 ग्रेन काळी दारू बसे. (एक ग्रेन म्हणजे 64.8 मिलिग्रॅम, भरणाऱ्यांच्या जगात गोळी आणि दारू दोन्ही ग्रेनमध्येच मोजतात.) काळी दारू जागा फार खाते, म्हणून पितळी केस, म्हणजे काडतुसाचं नळकांडं, 29.3 मिलिमीटर लांब ठेवावी लागली. लवकरच धूरविरहित दारू आली. तिच्यात ताकद कितीतरी जास्त, त्यामुळे निशाणेबाजीच्या हलक्या काडतुसाला तीन ग्रेनच्या आसपास दारू पुरते. केसची लांबी मात्र तीच राहिली. आजही .38 च्या केसमध्ये दारू तळाशी चिमूटभर पडलेली असते आणि वर मोकळी जागा. ती जागा पाहिली की कुणाच्याही मनात येतं, इथे अजून एक गोळी बसेल की.

आणि ती बसते, यातच सगळी गोम आहे. भारतात परवानाधारकांकडे सहसा दिसणाऱ्या .32 स्मिथ अँड वेसन लाँगची केस जेमतेम 23.4 मिलिमीटरची. तिथे ही कल्पना सहसा सुचतही नाही.

कल्पना जुनी आहे. आपल्याकडच्या ठासणीच्या बंदुकीत गोळीवर छर्रे टाकणं शिकाऱ्यांना नवीन नव्हतं. अमेरिकी सैन्यात तर तो अधिकृत प्रकार होता: .69 इंची गुळगुळीत नळीच्या मस्केटसाठी एक मोठी गोळी आणि तीन मोठे छर्रे एकाच कागदी काडतुसात बांधून देत. अमेरिकेच्या यादवी युद्धातही आयरिश ब्रिगेडसारख्या काही तुकड्या रायफलऐवजी हाच माल पसंत करत, कारण त्यांना जवळून लढायचं असे. त्याच युद्धातली ले मा रिव्हॉल्व्हर पाहण्यासारखी आहे. न्यू ऑर्लिन्सच्या ज्याँ अलेक्झांद्र ले मा याने 1856 मध्ये तिचं पेटंट घेतलं. सिलिंडरमध्ये, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या भागात, नऊ गोळ्या, आणि सिलिंडर ज्या आसाभोवती फिरतो तो आस म्हणजेच छर्‍यांची दुसरी, गुळगुळीत नळी. ले माने एका नळीकडून दोन कामं करून घेतली नाहीत. छर्‍यांना त्याने वेगळी नळी दिली. घरी दोन गोळ्या भरणारे नेमकी हीच गोष्ट विसरतात.

विसाव्या शतकात हा विचार सर्वांत गांभीर्याने झाला तो अमेरिकी लष्करात. 1952 मध्ये नॉर्मन हिचमनच्या अहवालाने असं मांडलं की लढाईतला सैनिक नेम धरतो खरा, पण हलणाऱ्या, लपणाऱ्या लक्ष्यावर चूक इतकी मोठी असते की रायफलच्या अचूकतेचा फायदा वाया जातो. मग एका बारात ठरावीक फैलावाने एकापेक्षा जास्त गोळ्या गेल्या तर लागण्याची शक्यता वाढेल. यातून प्रोजेक्ट साल्व्हो सुरू झाला आणि पुढे 7.62 मिलिमीटर नाटो रायफलसाठी एम198 हे दुहेरी काडतूस निघालं. त्यात दोन गोळ्या एकामागे एक बसवलेल्या. पुढची नेमावर जावी म्हणून सरळ, आणि मागची मुद्दाम किंचित भरकटावी म्हणून तिचा तळ तिरपा कापलेला. हा तिरपा तळ मला फार बोलका वाटतो. मागच्या गोळीने कुठे जायचं हे नशिबावर सोडायचं नाही, किती भटकायचं तेही ठरवून द्यायचं. त्यामागे कारखाना, दाबमापक, हजारो बार उडवून घेतलेली मोजमापं होती. तरीही हे काडतूस टिकलं नाही. हलकी 5.56 गोळी आली, सैनिक तेवढ्याच वजनात जास्त काडतुसं वाहू लागला, आणि एका काडतुसात दोन कोंबण्याची गरज उरली नाही.

आता रिव्हॉल्व्हरकडे. इथे मी सावकाश जाणार आहे, कारण इंटरनेटवर दिसतो तो फक्त कागदावरच्या दोन भोकांचा फोटो. तिथवर पोचताना काडतुसात काय काय होतं ते दिसत नाही.

पहिली अडचण दाबाची. दारू पेटली की केसमधल्या मोकळ्या जागेत वायू साठतो आणि गोळी सुटेपर्यंत दाब चढत जातो. जागा जितकी कमी, तितका दाब झपाट्याने वर जातो, आणि हे सरळ प्रमाणात होत नाही. पिस्तुल-रिव्हॉल्व्हरच्या झटकन जळणाऱ्या दारूत तर गोळी मिलिमीटर-दीड मिलिमीटर खोल बसल्यानेही फरक पडतो. दुसरी गोळी आत घातली की तुम्ही ती जागा अर्ध्याहून जास्त खाल्लेली असते. .38 स्पेशलसाठी अमेरिकी उद्योगाची ठरवलेली कमाल मर्यादा 17,000 पौंड प्रति चौरस इंच, आणि .357 मॅग्नमची 35,000. म्हणजे दुप्पट. दोघांच्या गोळ्यांचा व्यास एकच. मॅग्नमची केस साधारण साडेतीन मिलिमीटर लांब ठेवली ती मुख्यतः जुन्या .38 मध्ये कुणी ती घालू नये म्हणून. तुमची रिव्हॉल्व्हर कुठल्या सालची आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची असेल तर तिच्या सिलिंडरच्या पोलादाकडून फार अपेक्षा ठेवू नका.

दुसरी अडचण केसच्या भिंतीची. केस बाहेरून सरळ दिसते, पण आतून तळाकडे जाडी वाढत जाते. निशाणेबाजीच्या चपट्या तोंडाच्या 148 ग्रेन वॉडकटर गोळीसाठी खास केस मिळते, तिची भिंत जास्त खोलपर्यंत पातळ ठेवलेली असते, कारण ती गोळी संपूर्ण आत बसते. साध्या केसमध्ये दुसरी गोळी खोल रेटली की दोनपैकी एक होतं: केस बाहेरून फुगते आणि चेंबरमध्ये (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकात) अडकते, किंवा शिशाची गोळी चेपून लहान होते. चेपलेली गोळी नळीत नीट भरत नाही, कडेने गरम वायू निसटतो, शिसं वितळून नळीला चिकटतं. मग स्वच्छ करत बसा.

तिसरी अडचण फक्त रिव्हॉल्व्हरवाल्यांची, आणि तिच्याबद्दल कमी लोक बोलतात. बार उडला की सबंध रिव्हॉल्व्हर मागे झटका खाते. सिलिंडरमधली उरलेली काडतुसं रिमला (केसच्या तळाच्या बाहेर आलेल्या कडेला) धरून मागे खेचली जातात, पण त्यांतल्या गोळ्या जडत्वामुळे जागीच राहू पाहतात. म्हणजे केसच्या हिशेबाने गोळी पुढे सरकते. असं होऊ नये म्हणून केसचा काठ गोळीवरच्या खाचेत दाबतात. आम्ही त्याला क्रिम्पच म्हणतो. दोन गोळ्यांच्या काडतुसात काठ धरतो फक्त पुढच्या गोळीला. मागचीला धरून ठेवणारी असते ती केवळ भिंतीची पकड, आणि झटक्यात तीही पुढचीला ढकलते. एका क्रिम्पवर दोघींचा भार. गोल गोळे वापरले असतील तर त्यांना खाचही नसते. गोळी सिलिंडरच्या तोंडातून डोकावली की सिलिंडर फिरायचा थांबतो, आणि हातात उरते भरलेली, अडकलेली रिव्हॉल्व्हर.

चौथी अडचण मला सगळ्यांत जास्त भीतीदायक वाटते. साध्या काडतुसात दारू कमी पडली तर आवाज 'फुस्स' येतो, झटका लागत नाही, आणि माणूस थांबतो. गोळी नळीत अडकलेली असू शकते, हे रेंजवर पहिल्या दिवशी शिकवतात. दोन गोळ्यांच्या बाबतीत ही खूणच नाहीशी होते. पुढची गोळी कागदावर लागलेली असते, आवाज बऱ्यापैकी झालेला असतो, झटकाही जाणवलेला असतो, आणि मागची कमी दाबामुळे नळीत राहिलेली असते. कागदावर एक भोक दिसलं की माणूस समजतो, दोन्ही एकाच भोकातून गेल्या किंवा एक कागदाबाहेर गेली. पुढचा घोडा दाबला की नळी फुगते किंवा फाटते. म्हणजे प्रत्येक बारानंतर भोकं मोजायची, आणि शंका आली की सिलिंडर रिकामा करून नळीतून सळई घालायची. हे करत कुणी मजेत नेमबाजी करतो, असं मी पाहिलेलं नाही.

यात भर दुहेरी मापाची. तीन ग्रेन दारू ज्या केसमध्ये तळाशी दिसते न दिसते, तिच्यात चुकून दोनदा दारू पडली तरी केस भरून वाहत नाही. म्हणून .38 भरताना प्रत्येक केसमध्ये टॉर्चने डोकावायची आमची सवय असते. वर दोन गोळ्या बसल्या की ती चूक कायमची झाकली जाते.

एवढं करून मिळतं काय? जुनी ठरलेली .38 ची गोळी 158 ग्रेनची, म्हणजे साधारण 10.2 ग्रॅम. चार इंची नळीतून ती सेकंदाला 230 मीटरच्या आसपास जाते, म्हणजे सुमारे 270 जूल ऊर्जा. तेवढंच वजन दोघींत वाटलं आणि वेग तोच राहिला असं धरलं, तर प्रत्येकीच्या वाट्याला 135 जूल. ऊर्जा कुठून वाढत नाही, फक्त वाटली जाते. नेमाचंही तेच. पक्क्या, न हलणाऱ्या नेमखुणा असलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरचा नेम 158 ग्रेनच्या गोळीवर बसवलेला असतो. दोन गोळ्या वेगवेगळ्या क्षणी, वेगवेगळ्या वेगाने नळीबाहेर पडतात, आणि झटक्याने नळी वर जात असताना हा फरक कागदावर खाली-वर दिसतो. हाताच्या अंतरावर दोन्ही जवळजवळ एकाच जागी लागतात, म्हणजे फायदा शून्य. 25 यार्डांवर दुसरी कुठे जाईल ते तुम्ही सांगू शकत नाही, आणि रेंजवर तुम्ही उडवलेल्या प्रत्येक गोळीची जबाबदारी तुमचीच असते.

म्हणूनच आयपीएससी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पद्धतीच्या पिस्तूल-स्पर्धांत एका बारात एकापेक्षा जास्त गोळ्या सोडणारं काडतूस नियमानेच चालत नाही. रेंजचे स्वतःचेही नियम असतात. आधी विचारा, नाहीतर तुमचं सामान उचलून बाहेर काढतील.

कारखान्यांनी हा विषय वेगळ्या वाटेने सोडवला. टॉरसची जज नावाची रिव्हॉल्व्हर .45 कोल्टची गोळीही घेते आणि .410 बोअरचं, म्हणजे छोट्या मापाच्या शॉटगनचं, छर्‍यांचं काडतूसही. विंचेस्टरने .410 साठी तीन चकत्या आणि बारा छर्रे असलेलं काडतूस काढलं. चेंबर लांब, दाब त्याच मापाने तपासलेला, म्हणजे धोका घरगुती प्रकारासारखा नाही. पण त्यातही एक चमत्कारिक गोष्ट होते. कायद्याने हँडगन ठरावी म्हणून नळीला आतून पीळ (गोळीला फिरवणाऱ्या खाचा) ठेवावे लागतात, आणि पिळांमुळे छर्‍यांचा गठ्ठा गरगर फिरतो, नळीबाहेर पडताच बाहेरच्या बाजूला फेकला जातो, आणि थोड्या अंतरावर मध्ये रिकामं वर्तुळ उरतं. कॅलिफोर्नियाचा कायदा या रिव्हॉल्व्हरला आखूड शॉटगनच समजतो, म्हणून तिथे ती मिळत नाही. तुम्हाला अनेक गोळ्यांचा अनुभव घ्यायचाच असेल तर अशी रिव्हॉल्व्हर भाड्याने देणाऱ्या रेंजवर जा, कारखान्याचं काडतूस घ्या, चार बार उडवा. कुतूहल तेवढ्यात फिटतं.

काडतुसं भरायला शिकायचं असेल तर मात्र मी आनंदाने सांगेन, शिका. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. राज्याराज्यांत आणखी बंधनं असतात. न्यू जर्सीत तर पोकळ टोकाच्या गोळीवरही आहेत. सुरुवात एकाच गोळीने करा, आणि ती 148 ग्रेनची वॉडकटर असू द्या. दारू बनवणाऱ्या कंपनीच्या छापील पुस्तकातलं किमान माप घ्या, त्याच पुस्तकात दिलेली गोळी, केस आणि प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) घ्या, आणि वजनकाटा रोज प्रमाण वजनाने तपासा. या साध्या काडतुसातून मिळणारी अचूकता पाहिलीत की दोन गोळ्यांचं खूळ आपोआप मागे पडेल. एक लक्षात असू द्या: घरी भरलेली काडतुसं वापरली तर बहुतेक कंपन्या हत्याराची हमी नाकारतात.

या सुट्टीत भारतात जाणार आहात असंही तुम्ही लिहिलंय, आणि भावाला, जो स्वतः नेमबाज आहे, ही काडतुसं 'फक्त दाखवायला' न्यायचा विचार आहे. तो आत्ताच सोडा. 1959 च्या शस्त्र अधिनियमात काडतुसाचे भागही 'दारूगोळा' या व्याख्येत येतात. विमानतळावर सामानात विसरलेलं एक काडतूस निघालं तरी पोलीस ठाण्याची वाट धरावी लागते. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा तर फार गंभीर गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. शिवाय आपले बहुतेक नेमबाज ज्या प्रकारांत खेळतात तिथे घरी भरण्याचा प्रश्नच येत नाही. राही सरनोबतची 25 मीटर पिस्तूल काय किंवा स्वप्निल कुसळेची 50 मीटर रायफल काय, दोन्ही .22 ची. त्या काडतुसात ठिणगी देणारा मसाला रिमच्या आतच भरलेला असतो, उडवलं की केस निकामी. कोल्हापूरच्या रेंजवर तुमच्या डबीचं कुणालाही अप्रूप वाटणार नाही, फक्त काळजी वाटेल.

आता ती डबी. कुणी, कधी, कुठल्या दारूने भरली ते माहीत नाही, आणि जुन्या मालकालाही बहुधा आठवत नसेल. दुसऱ्याने भरलेली काडतुसं उडवायची नाहीत, हा नियम मी सख्ख्या मित्रांच्या बाबतीतही पाळतो. ती निकामी करायला हातोडीसारखा दिसणारा बुलेट पुलर मिळतो. काडतूस त्यात अडकवून पुलर कठीण जमिनीवर आपटला की गोळी जडत्वाने निघून येते. एक सूचना: पहिली गोळी निघाली की काम झालं असं समजू नका, आत दुसरी आहे. ती जास्त खोल आणि घट्ट असते, पुन्हा आपटावं लागेल. डोळ्यांवर चष्मा ठेवा. काडतुसं भरायच्या प्रेसचा शेलहोल्डर (केस धरणारी चकती) पुलरमध्ये वापरू नका, पुलरसोबत आलेली पकडच वापरा. निघालेली दारू कितीही चांगली दिसली तरी दुसऱ्या काडतुसात घालू नका, तिचं नाव तुम्हाला माहीत नाही. गोळ्या शिशाच्या असतील तर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. हे सगळं नको असेल तर डबी जशी आहे तशी जवळच्या रेंजवर किंवा स्थानिक पोलिसांकडे द्या. आधी फोन करून विचारा, बऱ्याच ठिकाणी घेतात.

आणि रिव्हॉल्व्हर एखाद्या गनस्मिथला, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याला, दाखवा. जुन्या मालकाने त्या डबीतली काही काडतुसं उडवली असणारच. नळीत कुठे फुगवट्याची कडी दिसते का, सिलिंडर आणि नळी यांमधली फट वाढली आहे का, प्रत्येक चेंबर नळीशी सरळ जुळतं का, एवढं तपासून मिळेपर्यंत तिच्यात कारखान्याचं काडतूसही घालू नका.